नोटेवरची उजवी बाजू

११ सप्टेंबर

गुप्ततेचं शपथपत्र दोनदा वाचलं. नव्या नोटेबद्दल घरी, दारी, फोनवर, पत्रातून कुणाशी चकार शब्द काढायचा नाही, असं त्यात आहे. डायरीचा उल्लेख नाही. म्हणून लिहिते. सकाळी लिहीन, कामावर निघण्याआधी. संध्याकाळी भिंगातून बाहेर आलेले डोळे काही कामाचे राहत नाहीत.

काल समितीनं चेहरा ठरवला. शंभराच्या नव्या नोटेवर कोण, यावर सात शहाणी माणसं गेल्या हिवाळ्यापासून भांडत होती. कवी पहिल्याच फेरीत गळाले, त्यांच्या दोन्ही बायकांचे नातू कोर्टात आहेत. उरले सेनापती आणि लसवाल्या बाई. या बाई शंभर वर्षांपूर्वी घोड्यावर पेटी बांधून गावोगाव देवीची लस टोचत फिरल्या. लोकांनी त्यांना दगड मारले, मग त्याच लोकांनी मुलं पुढं केली. एका मतानं बाई जिंकल्या.

उपसचिवांना सेनापती हवे होते. ते म्हणाले, "बाईंचा एकच फोटो आहे, त्यातही अर्ध्या तोंडावर छत्रीची सावली. अर्ध्या चेहऱ्याची नोट काढायची का? पन्नासला चालवू."

सगळे हसले. मी मागच्या खुर्चीवर बसते. तांत्रिक प्रश्न विचारला तरच बोलायचं, अशी माझी जागा. पण तोंडातून निघून गेलं, "उरलेला अर्धा मी करीन."

अध्यक्षांनी अट घातली. जानेवारीअखेर नोट छापायचा कोरीव पत्रा तयार हवा. बाईंच्या घरच्यांनी चेहरा मान्य करायला हवा. आणि मी लिहून द्यायचं की कोणत्याही जिवंत व्यक्तीचा चेहरा, पूर्ण वा अंशतः, यात वापरलेला नाही. जिवंत माणूस नोटेवर नको, हा आमच्याकडचा सगळ्यात जुना नियम. यातलं एक जरी हुकलं तरी सेनापती. त्यांचा पत्रा कपाटात तयार आहे. मीच कोरलाय, तरुणपणी. मिशांसकट.

उन्हाळ्यात मी निवृत्त होते. नोकरीभर मिशाच कोरल्या. शेवटचा पत्रा तरी बिनमिशीचा असावा.

१९ सप्टेंबर

फोटो आला. तंबूसमोर पाच माणसं, मध्ये बाई. छत्री दुसऱ्याच कुणाच्या हातात आणि सावली हिच्या तोंडावर. डावी बाजू लखलखीत: रुंद कपाळ, खोल डोळा, हनुवटीवर जुना व्रण. उजवी बाजू काळी. प्रयोगशाळेनं फोटो उजळून पाहिला. काळ्याचं करडं झालं, इतकंच.

डावी बाजू उलटी करून उजवीकडे लावा, असं उपसचिवांच्या हाताखालच्यानं सुचवलं. करून दाखवलं त्याला. बाई बाहुलीसारख्या दिसायला लागल्या. माणसाचं तोंड दोन्हीकडे सारखं नसतं, बाळा, म्हटलं.

३ ऑक्टोबर

भाचीचा फोन. धाकटीची मुलगी.

"मावशी, आईचं तोंड वाकडं झालंय. सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूनं गळायला लागलं. डावी बाजू सगळी लुळी. डोळा मिटत नाहीये."

डॉक्टर म्हणतात चेहऱ्याच्या नसेला सूज आहे. जिवाला धोका नाही. हळूहळू परत येईल, किंवा थोडं येणार नाही.

"येशील?" तिनं विचारलं.

"जानेवारीनंतर," मी म्हटलं.

"बरं. तोंडाला तसं कळवते." आणि फोन ठेवला. जीभ आईवर गेली आहे.

हे म्हणाले, "जाऊन ये की एक दिवस. मी तुझ्यासारखा स्वयंपाक करून ठेवतो. म्हणजे वाईट." मी हसले नाही. चार वर्षं धाकटी माझ्याशी बोललेली नाही. मी का जायचं?

६ ऑक्टोबर

लिहायचंच तर नीट लिहावं. आई गेली त्या सकाळी मी तिच्या उशाशी बसून तिचा चेहरा काढत होते. मला दुसरं काही येत नाही. माणसं येत होती, धाकटी सगळ्यांना पाणी देत होती. तिनं येऊन माझ्या हातातला कागद घेतला आणि फाडला. सगळ्यांसमोर. "तुला माणूस दिसतच नाही ताई, नुसतं तोंड दिसतं. विचारलंस का आईला?" मेलेल्या माणसाला काय विचारायचं? ते चित्र चांगलं होत होतं. अजून माझ्या मते माझं चुकलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर

कागदावर उजवी बाजू जमत नाही. रोज काढते, रोज फाडते. प्रत्येक वेळी कुणीतरी वेगळीच बाई येते. कधी पुतळा, कधी नटी. एकदा तर चक्क उपसचिव आले.

नियमानं आधी कागदावर पूर्ण चित्र, मग पोलादी पत्र्यावर. डावी बाजू मात्र पक्की आहे. ती सुरू करते. वेळ कुठे आहे?

९ नोव्हेंबर

डावी बाजू कोरून झाली. पत्र्यावर सगळं उलटं असतं, छापल्यावर सुलटं होतं. म्हणून चित्र आरशात धरून, आरशात बघत कोरायचं. इतकी वर्षं हेच केल्यावर मला उलटे चेहरेच खरे वाटायला लागलेत. हे म्हणतात, लग्नाच्या फोटोत तू मला ओळखलं नव्हतंस. खोटं आहे. मला फक्त वेळ लागला होता.

मशीनमास्तर, म्हणजे आमच्या छापखान्याचे प्रमुख, भिंग लावून बघून गेले. "डावीकडे जीव आलाय. उजवीकडे कधी येणार?" त्यांना वाटतं मी मुद्दाम ताटकळत ठेवतेय.

१७ नोव्हेंबर

नियमबाह्य गोष्ट केली. कागद बाजूला ठेवला आणि उजवी बाजू थेट पत्र्यावर सुरू केली. चित्राशिवाय. हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला दाराबाहेर उभं केलं असतं.

पण हात सुटला. कपाळापासून गालापर्यंत रेघा अशा उतरल्या की मला थांबून विचार करावा लागला नाही. उजवी भुवई किंचित चढवली आहे. का, ते सांगता येणार नाही. हाडांची ठेवणच तशी मागत असावी.

२ डिसेंबर

भाचीचा फोन. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय: आरशासमोर बसून भुवया उंचवा, गाल फुगवा, हसा. आई आरशासमोर बसतच नाही. घरातल्या सगळ्या आरशांवर टॉवेल टाकलेत.

"बाबा दाढी कशी करतात मग?" मी विचारलं.

"टॉवेल उचलून, चोरासारखे. मावशी, तू ये ना. ती तुझं ऐकते."

"कधी ऐकलंय तिनं माझं?"

"तासन्तास पुतळ्यासारखी बसायची ना ती तुझ्यासमोर? तीच सांगते. नाकावर माशी बसली तरी हलायची परवानगी नव्हती म्हणे."

खरं आहे. कॉलेजात असताना मॉडेलला द्यायला पैसे नसायचे, धाकटी फुकट होती. फक्त मी काही म्हटलं की एक भुवई वर जायची. ती तशीच काढावी लागे, तिला खाली आणणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. ती चित्रं घर बदलताना रद्दीत गेली.

ओठाचा उजवा कोपरा आज पुरा झाला. छान उतरलाय. हसू नाही, हसण्याच्या आधीचं काहीतरी.

२० डिसेंबर

पहिलं प्रूफ. मशीनमास्तरांनी स्वतः काढलं. ओला कागद उचलला आणि काही न बोलता माझ्यासमोर धरला. आमच्या माणसांत याला टाळ्या म्हणतात.

चेहरा एकसंध झालाय. कुठं पुरावा संपतो आणि कुठं मी सुरू होते, ते कुणाला सांगता येणार नाही. तरीही मला फार वेळ बघवेना. कामाचा शीण असेल. कागद पालथा ठेवला.

५ जानेवारी

बाईंची पणती आली. शाळेत गणित शिकवते. बोटांना खडू तसाच. बंद खोलीत अध्यक्ष, उपसचिव, मी आणि टेबलावर प्रूफ. ती बराच वेळ बघत राहिली. उपसचिव घड्याळ बघत होते.

मग म्हणाली, "आमच्याकडे हा फोटो जेवणाच्या खोलीत आहे. लहानपणी मला वाटायचं, तिला अर्धंच तोंड आहे. मी घाबरायचे. हिला मी घाबरले नसते." आणि डोळे पुसले. खडू गालाला लागला.

"म्हणजे मान्य?" अध्यक्ष.

"मान्य."

उपसचिव मला जाताना म्हणाले, "अभिनंदन. आता तुमची सही तेवढी." गोड बोलले की ते जास्त वाईट दिसतात.

सही शेवटच्या बैठकीत, ३० तारखेला. काम संपलं. आता सबब उरली नाही, असं हे म्हणाले. कसली सबब, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

१२ जानेवारी

काल धाकटीकडे गेले. हे सगळं नीट, क्रमानं लिहिते.

दार भाचीनं उघडलं. धाकटी आतल्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून.

"आली का शासनाची गाडी?" तिनं न वळता विचारलं. शब्द एका बाजूनं घसरत होते.

"व्यायाम करत नाहीस म्हणे."

"चार वर्षांनी आलीस आणि हजेरी घेतेस?"

"टॉवेल काढ तो. बस इथं. मी मागं उभी राहते."

कशी कोण जाणे, बसली. कदाचित जुनी सवय. मी आरशावरचा टॉवेल ओढला आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवून म्हटलं, "भुवया वर कर."

डावी भुवई जागची हलली नाही. उजवी वर गेली. आरशात.

तो माझा पत्रा होता.

समोर बसलेल्या धाकटीत मला काही दिसलं नव्हतं. प्रूफातही नव्हतं. आरशात, उलटी झाली तेव्हा दिसली. दोन महिने रोज भिंगाखाली असलेली ती भुवई, तो ओठाचा कोपरा, गालावरून उतरणारी ती रेघ. एकही रेघ माझी नव्हती. सगळ्या तिच्या.

"काय झालं?" ती आरशातूनच म्हणाली. "इतकी वाईट दिसते का मी?"

"नाही. गाल फुगव," मी म्हटलं आणि पाच मिनिटांत निघाले. भाची जिन्यापर्यंत धावत आली. "मावशी, काय गं हे? आली काय, पळाली काय!"

१५ जानेवारी

कुणाला कळणार आहे? मशीनमास्तरांनी धाकटीला पाहिलेलं नाही. पणतीनं मान्य केलंय, आनंदानं. मी सही केली तर बाई नोटेवर. नाही केली तर सेनापती, आणि पुन्हा कुणी बाईचं नाव समितीपुढं आणायचं धाडस करणार नाही. "बघा, मागच्या वेळी काय झालं," म्हणतील. उपसचिवांना आयुष्यभराचं हत्यार मिळेल.

पूर्ण वा अंशतः. ते "अंशतः" मीच घालायला लावलं होतं, मागच्या नोटेच्या वेळी. पत्रे कोरणाऱ्या एका तरुण एनग्रेव्हरनं मंत्र्याच्या सासऱ्याचं नाक वापरलं होतं. तो आता साबणाच्या वेष्टनांवर फुलं काढतो.

१८ जानेवारी

पुन्हा गेले. धाकटी आरशासमोरच होती, टॉवेल नव्हता. भाचीला बाहेर पाठवलं आणि धाकटीला सगळं सांगितलं, या डायरीसकट. शपथपत्र मोडलं. हेही लिहून ठेवते.

ती हसली. अर्धं तोंड हसलं, अर्धं तसंच. "म्हणजे माझा अर्धा चेहरा नसेनं नेला, आणि उरलेला अर्धा तू नेलास. मला काय ठेवलंत गं?"

"मुद्दाम नाही केलं."

"तू मुद्दाम कधी काय केलंयस? तुझा हातच करतो सगळं." मग ती आरशाकडे वळली. "आईच्या वेळीपण हातानंच केलं असणार."

मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले.

"आता का सांगायला आलीस? कुणाला कळलं नसतं."

"विचारायला आले. राहू दे का?"

भुवई वर गेली. मला वाटलं, ती हो म्हणेल. एवढं मोठं काम, देशभर जाणारी नोट, आणि चेहरा तिचा जसा होता तसा. कोण नाही म्हणेल?

"नाही," ती म्हणाली. "पुसून टाक."

"का?"

"विचारलंस ना? मग का विचारू नकोस."

२१ जानेवारी

पोलाद पुसता येत नाही. खरवडायचं, मागून ठोकून वर घ्यायचं, घोटून सपाट करायचं. काल दिवसभर तेच केलं. भुवई आधी. मशीनमास्तर दारात येऊन उभे राहिले आणि ओरडलेच, "बाई, वेड लागलं का तुम्हाला? मान्य झालेला चेहरा!"

"मास्तर, दार लावून घ्या."

"आतून की बाहेरून?"

"बाहेरून."

गेले बिचारे. नंतर चहा पाठवला, स्वतः आले नाहीत.

आता तिथं कोरं पोलाद आहे आणि बैठकीला जेमतेम आठवडा. नवी उजवी बाजू कुठून आणू? पणतीला बसवू? तीही जिवंत. कुणाचंही तोंड आठवलं तरी ते कुणाचं तरी असणारच. मला कुणाचंच नसलेलं तोंड काढता येत नाही, हे या वयात कळतंय.

२३ जानेवारी

फोटो पुन्हा भिंतीला लावला. बाईंच्या उजव्या बाजूबद्दल पुरावा काय सांगतो? सावली. बस्स, तेवढंच खरं आहे. मी नोकरीभर पुराव्याच्या गोष्टी करते, आणि समोर असलेला पुरावा झाकण्यात चार महिने घालवले.

सावली कोरते आहे. आडव्या रेघा, त्यावर तिरप्या, त्यावर पुन्हा उलट्या तिरप्या. भिंगाशिवाय नुसता काळोख दिसेल, भिंगातून जाळं. डोळे गेले तर जाऊ देत.

३१ जानेवारी

काल बैठक झाली. मला मागच्या खुर्चीवरून पुढं बोलावलं.

मी नवं प्रूफ ठेवलं आणि उभ्यानंच सांगितलं: आधीच्या चेहऱ्यात माझ्या बहिणीचा चेहरा आला होता, अजाणता. ती जिवंत आहे. कळल्यावर खरवडला. तिला हे सांगताना शपथपत्र मोडलं. तेही नोंदवा.

उपसचिव खुर्चीत मागं रेलले. "म्हणजे सेनापती. चर्चेला काही उरलंय का? आणि हे काय, पुन्हा अर्धाच चेहरा? फिरून फिरून पन्नासवरच आलो आपण."

मी म्हटलं, "हा फोटोत आहे तितका पूर्ण चेहरा आहे. एक रेघ जास्त नाही. आणि नोट खोटी करणाऱ्यांची अडचण सांगते. उजळ गाल कुणीही उतरवेल. ही सावली तीन थरांची आहे. यंत्रानं नक्कल केली की डाग पडेल. सेनापतींच्या मिशांची नक्कल गेल्या वर्षी तीनदा पकडली, ते तुमच्याच खात्यानं कळवलंय."

मशीनमास्तरांना बोलावलं. ते म्हणाले, "मला स्वतःला ती पुन्हा करता येणार नाही," आणि माझ्याकडे रागानं बघत बसले.

पणतीला आत घेतलं. मला तिच्याकडे बघवेना. तिनं प्रूफ हातात घेतलं. "आधीची मला जास्त आवडली होती," ती म्हणाली. झालं, मी मनात म्हटलं. "पण ती कुणीतरी दुसरी होती, हे मला घरी गेल्यावर जाणवत होतं. ही जेवणाच्या खोलीतली आहे. हिला मी अजून थोडी घाबरते. हीच घ्या."

मतदान. तीन-तीन. अध्यक्ष पेन फिरवत राहिले. मला त्या पेनाचा रंगसुद्धा आठवतोय, हिरवा. मग म्हणाले, "बाई."

मी त्या हमीपत्रावर सही केली. पूर्ण वा अंशतः.

त्यानंतर अध्यक्षांनी दुसरा कागद वाचला. शपथपत्राच्या भंगाबद्दल मला उद्यापासून रजेवर पाठवण्यात येत आहे, ती निवृत्तीपर्यंत. नोटेच्या प्रसिद्धिपत्रकात एनग्रेव्हरचं नाव असणार नाही. बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. कोरण्या घरी आणायला परवानगी मिळाली नाही, याचं मात्र वाईट वाटलं. त्यातली एक माझ्या तळहाताच्या आकाराची झाली होती.

१४ मे

नोट आली. हे सकाळीच बँकेच्या दारात उभे राहिले आणि दोन कोऱ्या घेऊन आले. "एक फ्रेम करायला, एक भाजीला." बराच वेळ बघत होते. "ही सावली तुझी का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगता येणार नाही. "बरं," म्हणाले, आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. त्यांनी असं आधी कधी केल्याचं आठवत नाही.

भाजीची नोट घेऊन धाकटीकडे गेले. तिचा डावा डोळा आता मिटतो. ओठ थोडा ओढलेला राहील, असं डॉक्टर म्हणतात.

तिनं नोट खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरली.

"इथं होते मी?"

"होतीस."

"आता नाही?"

"नाही. सगळी खरवडली."

ती बघतच राहिली. "नीट खरवडलंस की तुझ्या हातानं काहीतरी ठेवलंय?"

"मी नीटच काम करते."

"हं," म्हणाली, आणि नोट माझ्या हातात परत दिली. मी तिथं बघितलं नाही. चष्मा नव्हता.

भाचीनं चहा आणला. माझ्या पिशवीत पेन्सिल आणि वही होती, नेहमीच असते. धाकटीचं पिशवीकडे लक्ष गेलं, मग माझ्याकडे. खिडकीतला उजेड तिच्या डाव्या गालावर पडला होता, त्या थांबलेल्या गालावर.

"काढू का?" मी विचारलं.

मी पेन्सिल बाहेर काढली नाही. पिशवीच्या बंदावर हात ठेवून बसून राहिले.

"काढ," ती म्हणाली. "पण दोन्ही बाजू काढायच्या. आहेत तशा. आणि आधी विचारलंस, हे त्या तुझ्या डायरीत लिहून ठेव."

लिहून ठेवलं.